लूमवरचं गाणं

—नाही मॅडम, खाली नको, खुर्चीवर बसा. हिरो का रडत नाही, हेच ना तुमच्या कॉलेजच्या अभ्यासात? मघाशी काय म्हणालात — कॅमेरा हिरोच्या दंडावर फिरतो, छातीवर फिरतो, डोळ्यांत पाणी आलं की तोंड फिरवतो? खरंय. आणि पोराला मर्द व्हायचं तर पिक्चरमधला बाप मरावा लागतो, मनाच्या शास्त्रात तसं आहे — असेल बाई. आमच्या घरात उलटं झालं. बाप आहे, पोरगा गेला.

तो फोटो ललितचा. माझा ललित. पिक्चरमध्ये कुणी मेलं की हुंदके द्यायचा. लहान होता, इथंच उधन्याच्या टॉकीजमध्ये ह्यांनी टपली मारली — ए बायल्या, डोळे पूस! लोक हसले. तोही हसला — आणि मग कधी रडलाच नाही. परवाच्या उन्हाळ्यात पोटात कळा येत होत्या, तर दात दाबून बसला. काही नाही आई, गॅस आहे. अपेंडिक्स आतच फुटलं. डॉक्टर म्हणाले, एवढं दुखत होतं तर बोलला कसा नाही? कसा बोलेल, मॅडम? तुम्हीच सांगा. नाही — नका सांगू.

आणि हे? चितेसमोर हाताची घडी घालून उभे, तुमच्या हिरोसारखे. भाऊबंद म्हणाले, सुकदेव खरा मर्द. मला इतकी चीड आली — हो, नवऱ्याचीच — ताट आपटून वाढायची मी. मग एकदा हे डबा घरी विसरले म्हणून मी तो द्यायला कारखान्यात गेले. कापड विणायच्या मागांचा, लूमचा खडखडाट एवढा, की तिथं सगळे ओठ बघून बोलतात. मीही धाग्याच्या कांड्या भरल्यात तिथं, मलाही येतं. बाजूच्या लूमवरचा मगन हसून खुणावतो — बघ, सुकदेवभाऊ गातोय! गातातच तिथं माणसं, गळा फाडून, कोण ऐकणार? मी ह्यांचे ओठ बघितले. गाणं नव्हतं, मॅडम. रडी ले रे भाऊ, म्हणत होते — ललितला लाडानं भाऊच म्हणायचे. रडी ले, आठे कोन्ही हसत नही — रडून घे, इथं कुणी हसत नाही. पुन्हा पुन्हा तेच. गाल सगळे ओले — आणि हात मात्र धाग्यावर, तुटलेला धागा जोडत होते.

डबा मगनकडे दिला न् परत आले. मी पाहिलं, हे त्यांना माहीत नाही. आता ताट आपटत नाही. दोघं जेवतो, समोर टीव्ही चालू असतो. किती वाटतं, एकदा माझ्याजवळ — एकदा तरी —

थांबा. जिन्यात चपला वाजल्या. हे लिहू नका. त्यांना काही विचारूही नका, पाया पडते. विचारलंत तर मिशीवरून हात फिरवून हसतील, आणि उद्यापासून लूमवरही गाणार नाहीत. उठा, मॅडम. या आता.