उस्मानचाचाची केळी

शेजाऱ्याच्या पिकाला पाणी द्यायला आमचे वडील आयुष्यात एकदाच नाही म्हणाले, आणि तेही उस्मानचाचाला.

कर्जतच्या बाजूला, सीना नदीच्या काठी चाचाची जमीन, सगळी रेताड. तिथं त्यानं गाळ आणि शेणखत ओतून केळी जगवली होती. लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. अठ्ठेचाळीस साली हिंदू-मुसलमानांच्या नाही नाही त्या अफवा उठायला लागल्या, तशी चाचानं घरातली भांडीकुंडी बांधली आणि संध्याकाळी वडिलांकडं आला.

"आमी चाललो निजामाच्या मुलखात. केळीला तेवढं पानी घालत जा. वाळू हाय, दोन दिस बी दम धरायची न्हाई."

वडील म्हणाले, "माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

"आरं, घड लागल्यात."

"मग तूच घाल."

चाचा उठून गेला. त्या रात्री आई वडिलांशी बोलली नाही. पहाटे चाचाच्या विहिरीवर मोटेचं चाक करकरायला लागलं, तेव्हा तिनं विचारलं, "तुमाला न्हाई म्हनवलं तरी कसं?"

वडील म्हणाले, "व्हय म्हनलो असतो, तर गेला असता."