गोरेपणाचा राजीनामा

फ्लोरी आंटी : पुन्हा. मी वर्ण-नोंदणी खात्यातला साहेब. तू रस्त्यानं चाललायस, मी समोरून आले. काय करशील?

नीको : 'गुड आफ्टरनून' म्हणेन.

फ्लोरी आंटी : आणि फुटपाथच्या मधोमध चालत राहशील. झालं, बुडालास! बाजूला कोण होणार?

नीको : फुटपाथ चांगला रुंद आहे की, आंटी.

फ्लोरी आंटी : तो गोऱ्यांनाच रुंद दिसतो.

नीको : हिवाळ्यापासून शेजारच्या जांटजीस कुटुंबाच्या मागच्या खोलीत राहतोय. जेवतो तुमच्याकडे. अख्खी वुडस्टॉक वस्ती मला नावानं हाक मारते. आणखी किती कलर्ड व्हायचं गोऱ्या माणसानं?

फ्लोरी आंटी : आणि अर्जाच्या दिवशी काय केलंस? 'फक्त गोऱ्यांसाठी' लिहिलेल्या दारातून ऐटीत आत गेलास आणि म्हणालास, मला कलर्ड करा!

नीको : पाटी बघितलीच नाही मी.

फ्लोरी आंटी : तोच तर पुरावा झाला. आमची माणसं आधी पाटी बघतात, मग पाय उचलतात. साहेबानं तिथल्या तिथं शेरा मारला : सवयी गोऱ्याच्या. आता चौकशीला माणूस येणार म्हणे, न सांगता. त्यानं पण तेच लिहिलं की संपलं तुझं नि मर्लचं लग्न.

नीको : लोक वर चढायला धडपडतात. खाली उतरायची परवानगी मागणारा मी एकटाच, आणि तीही मिळत नाहीये.

फ्लोरी आंटी : खाली?

नीको : चुकलं.

फ्लोरी आंटी : हे मर्लसमोर बोलू नकोस. माझी भाची कपड्यांच्या कारखान्यात आहे, हाताशी कात्री असते तिच्या.

नीको : आंटी, तुमच्या आजोबांनी कसं जमवलं हो?

फ्लोरी आंटी : त्यांना कुठं काय जमवायचं होतं! स्कॉटलंडचा खलाशी, लाल दाढीचा. आजी गुलामांच्या घरातली. चर्चमध्ये घंटा वाजवून लग्न लागलं. देवाची परवानगी पुरायची तेव्हा. मग सत्तावीस साली कायदा आला, गोरा आणि काळी यांनी लग्नाशिवाय एकत्र झोपायचं नाही.

नीको : म्हणजे लग्न करून चालायचं?

फ्लोरी आंटी : तीच फट राहिली ना! ती एकोणपन्नास साली बुजवली. गोऱ्यानं गोऱ्याशिवाय कुणाशी लग्नच करायचं नाही. तरी जिवाला स्वस्थता नाही, म्हणून पन्नास साली आम्हा मिश्र रक्ताच्या कलर्डांबरोबरची झोपही बंद. एवढं सगळं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नक्की कोण कोण आहे हेच कुणाला ठाऊक नाही. मग प्रत्येकाच्या हातात वर्ण लिहिलेलं कार्ड!

नीको : आधी कुलूप लावलं, मग दार शोधलं.

फ्लोरी आंटी : आणि आम्ही तर कायद्याच्या आधीच जन्मून बसलेलो. आम्हाला रद्द करता येईना, म्हणून नाव दिलं.

नीको : मी काय म्हणतो आंटी, मर्लनंच अर्ज केला तर? एवढी उजळ आहे ती. परवा दुकानात तिला 'मॅडम' म्हणाले. एका फटक्यात गोरी होईल.

फ्लोरी आंटी : माझी बहीण हेटी अशीच एका फटक्यात गोऱ्यांत गेली. अ‍ॅडर्ली स्ट्रीटवर समोरून येते, हॅटबिट घालून. मला बघितलं की दुकानाच्या काचेत काहीतरी निरखायला लागते. मी तिला दोष देत नाही. मला ओळख दिली तर तिच्या पोरांची शाळा जाईल. पण मर्लला मी वाढवलीय. ती काचेत बघायला लागली तर मी कुणाकडे बघू? म्हणून तुला शिकवतेय, समजलं? तुझ्या निळ्या डोळ्यांवर भाळून नाही.

(दारावर थाप पडते.)

नीको : मी बघतो.

फ्लोरी आंटी : बस खाली! पहिल्या थापेला दार उघडायला तू काय मॅजिस्ट्रेट आहेस? ...कोण आहे?

लाटेगन साहेब : वर्ण-नोंदणी खातं. लाटेगन. ए बाई, दार उघड.

फ्लोरी आंटी : या साहेब, या. खुर्ची घ्या. ती नको, तिचा पाय गेलाय. ही घ्या.

लाटेगन साहेब : मिस्टर टेरब्लांश? तुम्ही इथे, या स्वयंपाकघरात? बसा ना, उभे का? चुलीशेजारच्या त्या खुर्चीवर बसा.

नीको : थँक यू, सर.

फ्लोरी आंटी : माझी खुर्ची ती. असू दे.

लाटेगन साहेब : स्पष्ट बोलतो, मिस्टर टेरब्लांश. तुमची रेल्वेतली नोकरी जाईल. आईच्या घरी मुक्काम करता येणार नाही, ती गोऱ्यांची वस्ती आहे. एका शिवणकाम करणाऱ्या पोरीसाठी? तुमच्यासारख्या चांगल्या घरच्या माणसानं —

फ्लोरी आंटी : नीको! घरातली म्हातारी बाई उभी, आणि तू तिच्याच खुर्चीत पाय पसरून? हे घे! आणि हे! भांडी कोण घासणार, तुझा बाप?

लाटेगन साहेब : ए! ए बाई! ओला फडका तोंडावर? गोऱ्या माणसावर हात टाकतेस? मिस्टर टेरब्लांश, तुम्ही फक्त तक्रार करा. मी साक्षीदार आहे, आत्ताच्या आत्ता पोलीस बोलावतो.

नीको : चुकलं, आंटी. बसा तुम्ही. घासतो मी.

फ्लोरी आंटी : आणि मासळीचा तवा राखेनं घास. मागच्या वेळी वास राहिला होता.

नीको : हो, आंटी.

लाटेगन साहेब : ...हे असं नेहमी होतं इथे?

फ्लोरी आंटी : नाही साहेब. आज पाहुणे आहेत म्हणून हळू मारलं.

लाटेगन साहेब : गोऱ्या माणसानं बायकोचा मार खाल्लेला पाहिलाय मी. सावकारापुढे रडलेला पाहिलाय. पण कलर्ड बाईच्या हातचा फडका, तोही माझ्यासमोर, आणि वर 'हो, आंटी'! ए, तुला लाज नाही वाटत?

नीको : वाटते ना साहेब. त्या खरंच उभ्या होत्या.

लाटेगन साहेब : बस बस. आणखी काही विचारायचं नाही मला. कार्ड पोस्टानं येईल. बाजूला हो, जाऊ दे मला. साबणाचे हात लागतील.

फ्लोरी आंटी : सावकाश जा साहेब, पायरी मोडकी आहे. ...गेला. वळला कोपऱ्यावरून. अरे माझ्या राजा, जमलं की रे!

नीको : हे आपलं ठरलं नव्हतं. केवढ्यानं मारलंत!

फ्लोरी आंटी : ठरवलं असतं तर तू आधीच डोळे मिटले असतेस. आणि खरं सांगू, तू खुर्चीत बसलास तेव्हा मला खराच राग आला होता.

नीको : कारखान्याच्या फाटकाशी जातो. मर्ल सुटायची वेळ झाली.

फ्लोरी आंटी : जा. आणि आईला कोण सांगणार?

नीको : तिला ठाऊक आहे. म्हणाली, ज्या दिवशी कार्ड येईल त्या दिवसापासून इकडे येऊ नकोस. धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. तिच्या सासरच्यांनी बघितलं तर...

फ्लोरी आंटी : ...दुकानाच्या काचेत बघेल तुझी आई.

नीको : हं.

फ्लोरी आंटी : मी माझी पोर राखायला निघाले आणि तिचा पोर घेऊन बसले बघ. रविवारी काय करायची रे ती तुझ्यासाठी?

नीको : दुधातल्या शेवया. वरून साखर आणि दालचिनी.

फ्लोरी आंटी : दालचिनी किती घालायची?