देव्हाऱ्याची फडकी

नाव : केतन काळूराम घरत, वय ३१ वर्षे, धंदा : एसी दुरुस्ती, राहणार : मोरवा गाव, भाईंदर पश्चिम.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आहे आणि समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी वडील काळूराम व आई इंदुबाई यांच्यासोबत राहतो. शनिवारी आमच्या घरामागची शेड जळाली. त्या दिवशीच्या जबाबात मी सांगितले होते की, शेजारी राहणाऱ्या योगेंद्र पड्याळने सिगारेट टाकून आग लावली. ते चुकीचे आहे. त्याला तुम्ही इथे बसवून ठेवलंय, त्याला सोडा.

वडील पूर्वी मिठागरावर होते. ते काम बंद झाल्यापासून शेडमध्ये सुतारकाम करायचे. पुढच्या महिन्यात माझे लग्न होते. हळदीच्या आधी देवांना नीट घर पाहिजे म्हणून त्यांनी आमचा जुना सागवानी देव्हारा काढला होता. देव तेवढे तांदळाच्या परातीत ठेवले होते. पॉलिश पेपरने घासून रंग चढवला, आणि शनिवारी सकाळी अळशीचे तेल दिले.

तेल पुसलेली फडकी वडील नेहमी कुंपणावर एकेक करून पसरायचे. का, ते कधी बोलले नाहीत. आम्हाला वाटायचे, म्हाताऱ्याची खोड आहे. त्या पॉलिशच्या वासावरून योगेंद्रशी आमचे वाजले होते, कारण त्याच्या आईला दम्याचा त्रास आहे. "एक दिवस आग लागेल तुमच्या कारखान्याला," असे तो सगळ्यांसमोर बोलला होता. मी तेच धरून बसलो.

शनिवारी जेवणाच्या आधी आईने कुंपणावरची फडकी गोळा केली. मी तिथेच गाडीवर सामान बांधत होतो. ती म्हणाली, "देवाची फडकी हायत ती. कुत्र्या-मांजराच्या पायदळी न्हाय जायची." देवाच्या लाकडाला लागलेले काही आम्ही कचऱ्यात टाकत नाही, निर्माल्यासारखे खाडीत सोडतो. पण खाडीला ओहोटी होती. म्हणून संध्याकाळी भरती आली की सोडू, असे म्हणून तिने सगळ्याचे एक घट्ट गाठोडे बांधले आणि शेडमध्ये खुंटीला लावले. खाली थिनरचा डबा होता. मी पाहिले, आणि कामावर निघून गेलो.

चारच्या सुमारास शेड पेटली. वडील ओटीवर आडवे झाले होते, ते देव्हारा काढायला आत धावले. देव्हारा त्यांनी बाहेर ढकलला. मग डबा फुटला. योगेंद्रने भिंतीवरून उडी मारून त्यांना ओढून बाहेर काढले. मी पोचलो तेव्हा तो त्यांच्या अंगावर पाणी ओतत होता. मी काही न विचारता त्याच्या कानाखाली वाजवली. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला होता, हे मला नंतर इथे ठाण्यात दिसले. तरी मी जबाब बदलला नाही. लाज वाटते.

रविवारी इस्पितळात आई चहा आणायला खाली गेली होती तेव्हा वडिलांनी मला विचारले, "फडकी कुठं व्हती?" मी म्हटले, गाठोड्यात.  तेव्हा ते म्हणाले की, अळशीचे तेल सुकताना तापते, ओली फडकी एकत्र कोंबली की आपोआप पेट घेतात, म्हणून ती पसरायची असतात. मी म्हटले, अहो बाबा, मग इतकी वर्षे सांगितले का नाही? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तुज्या आईनं तेल घरात येऊ दिलं असतं का?" आणि हसायला गेले, पण ओठ भाजलेले होते. मग म्हणाले, "तिला सांगू नको. देवाचं म्हणून बांधलंन तिनं." काल पहाटे ते गेले.

आई आत्ता बाहेर बाकड्यावर बसली आहे. घरी थांब म्हटले तरी ऐकली नाही. योगेंद्रला तोंडावर विचारायचे आहे म्हणते, माझ्या माणसानं तुझं काय घोडं मारलं होतं. तिला त्याच्यासमोर जाऊ देऊ नका. त्याच्या हाताकडे बघितले तरी, हा कसा भाजला, मग आग लावली कोणी, असे ती विचारत सुटेल.

तो सुटल्यावर आग कशी लागली, हे ती मला विचारणारच. मी वायरिंग सांगणार आहे. शेडची वायर मीच ओढली होती, त्यामुळे तिला पटेल. शेजारच्याला शिव्या देत होती, आता मला देईल. देऊ दे. मी तरुण आहे, ऐकून घेईन. तिला आता तेवढेच एक काम उरले आहे.

वरील मजकूर मी सांगितला तसाच टाईप झाला आहे. मोठ्याने वाचू नका अशी मी विनंती केल्यावरून साहेबांनी दार लोटून घेतले आणि हळू आवाजात वाचून दाखवला. मी ऐकला. खरा आहे. माझ्याखेरीज घरच्या कोणालाही वाचून दाखवू नये.

समक्ष, सही
केतन काळूराम घरत