मातीची सुकेळी

...रमवा म्हणे! अहो, रमवा म्हणजे काय, पोरगी काय पाळण्यातली आहे, खुळखुळा वाजवला की झालं? चार वर्षांची माझी नात, मंदा, मुदतीच्या तापाने आडवी पडलेली, आणि डॉक्टर गॅब्रिएल ओट्याला सायकल टेकवून मला सांगतात, "काशिनाथराव, ह्या तापावर माझ्याकडे औषध नाही. लढाई संपली, आता काही नवीन निघेल म्हणतात, निघेल तेव्हा निघेल. तुम्ही पोरीला उठू देऊ नका, आणि पोटात घट्ट काही जाऊ देऊ नका. आतडी आतून सोलवटलीत. भाताचं शीत गेलं तरी फाटतील. ताकाची निवळी, बार्लीचं पाणी, मोसंबीचा रस, बस्स. आणि हो... पोरीला रमवा." टिंग टिंग घंटी वाजवली आणि गेले! अहो, उपाशी पोरीला रमवा?

आणि रमवणार कोण? मुलगा मुंबईला नोकरीला, शनिवारी उगवणार. सून सरला, तिच्यामागे सुकेळ्यांचा हंगाम. आम्ही आगाशीचे बागायतदार, राजेळी केळी सोलून उन्हात मांडवावर वाळवायची, मधासारखी झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून, सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या सुक्या सालीने, आवळून पुडकी बांधायची. ही कामं थांबतात होय? मग घरात रिकामं कोण? आबा! म्हणजे मी! चाळीस वर्षं बागेत पाणी फिरवलेला माणूस, पोर कधी मांडीवर घेतलं नाही, स्वतःचंसुद्धा नाही. तर मी रमवायचं.

तुम्हाला सांगतो, मी हसण्यावारी नेलं असतं, पण शेजारची लूर्डसबाय रोज सकाळी यायची. दारातच उभी राहायची, आत पाऊल नाही. एकच विचारायची, "कोनी काय दिला नाय ना खायला?" नाही म्हटलं की क्रूस करून परत. गेल्या वर्षी तिचा नातू ह्याच तापात. ताप उतरत आलेला, पोर रडतंय, आजीला राहवेना, चहात भिजवून पावाचा तुकडा दिला. एवढासा, मऊ. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, तिसऱ्या दिवशी चर्चची घंटा. आता अशी बाई दारात येऊन विचारते म्हटल्यावर कुणाची छाती आहे द्यायची?

मग लागलो रमवायला. केळीचा दांडा आडवा कापला, आत कशी जाळी असते बघा, निळीत बुडवला आणि कागदावर ठसा मारला. काय सुरेख उमटला! म्हटलं, "मंदे, ओळख काय ते." पोरगी बघते, बघते, आणि म्हणते, "घावन." घावन! म्हटलं, नको, हे नको. माडाच्या पातीचं भिरभिरं केलं. "आबा, हे करंजीसारखं दुमडलंय." भिंतीवर हातांच्या सावलीचा कोंबडा नाचवला, तर पोरगी म्हणते, "शिजव ना." अहो, कोळशाने भिंतीवर सूर्य काढला! सूर्यात काय आहे खाण्यासारखं? "भाकरी!" आता सांगा, काय काढू? विहीर काढली तर म्हणते आमटी! रमवा म्हणे!

शेवटी मी हात टेकले. म्हटलं, हिला खाणंच हवंय ना, खाणंच खेळू. भातुकली! विहिरीजवळची चिकणमाती आणली, मळली, आणि करत सुटलो. मातीचे लाडू, मातीच्या भाकऱ्या, मातीचा बोंबील, त्याला काडीने डोळेसुद्धा. मी वाढायचो, ती ओठांपाशी न्यायची, "मच्-मच्-मच्, छान झालंय हो," आणि खाली ठेवायची. पहिल्या दिवशी एकदा जीभ लावली. मी असा ओरडलो! म्हटलं, "खोटं-खोटं खायचं! खरं-खरं खाल्लंस तर आबा मरेल!" मी मरेन म्हटलं हो. तू मरशील असं कसं म्हणू पोरीला? ती घाबरली. म्हणाली, "नाही खाणार आबा, तुम्ही नका मरू." त्यानंतर तिने कधी ओठ लावला नाही. काय शहाणी पोर! मला इतका अभिमान वाटला... लोकांना सांगत सुटलो, बघा, कशी रमवली!

आणि मग माझ्यातला कारागीर जागा झाला. मातीच्या कांड्या वळल्या, सुक्या पानात गुंडाळल्या, सोपटाने आवळल्या, पाच पुडकी सुकेळ्यांची, हुबेहूब! मग दुकान-दुकान. ती शेठ, मी गिऱ्हाईक. "उघडायचं नाही बरं, माती अंथरुणात सांडेल." नाही उघडायची. रात्री झोपली की पुडकी टोपलीत, टोपली खाटेखाली. तीन-चार दिवस सुखाचे गेले. मग एका सकाळी पुडकं नाकाशी धरून म्हणते, "आबा, आज ह्याला खऱ्यासारखा वास येतो." मी मिशीवर ताव दिला! म्हटलं, "येणारच! कुणाच्या हातचं आहे?" "उघडून बघू?" "छे छे, खोटंय ते, माती आहे." "बरं," म्हणाली. आणि मला विकलं. त्या दिवसापासून रोज सकाळी पुडकी हुंगायची आणि मुकाट्याने दुकान मांडायची. मी म्हणतोय, वा, काय खेळतेय!

त्यानंतर पाचव्या दिवशी मुंबईहून आमच्या व्यापाऱ्याचं कार्ड. ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचायला लागलो. "काशिनाथभाई, वीस वरसचा आपला वेव्हार, असा कधी झाला नाय. तुमच्या मालमदी पाच पुडकी मातीची निघाली! आमच्या जुन्या गिऱ्हाईकचा पुढचा दात हालला! तुमाला माणूस खिलवायचा हाय की घर बांधायचा हाय?" मी हसलो हो! पोट धरून हसलो! सरलेला हाक मारली, "अगं, तू खाटेखालची टोपली उचललीस वाटतं, माझी माती मुंबईला गेली!" सरला हसली नाही. ती पांढरी पडली. म्हणाली, "मामंजी, माल भरताना शेवटच्या पाच पुडक्यांची टोपली मी खाटेपाशीच टेकवली होती, दोन्ही टोपल्या तिथेच होत्या, उचलताना अदलाबदल झाली... माती मुंबईला गेली, तर मंदाजवळ काय आहे?"

ओट्यापासून खाटेपर्यंत किती, दहा पावलं? तुम्हाला सांगतो, चिंचोटीचा डोंगर चढलो तेव्हा एवढा दमलो नव्हतो. पाच दिवस! पाच दिवस उपाशी पोरीच्या उशाशी मी पाच पुडकी खरी सुकेळी ठेवलेली! लूर्डसबायने एक तुकडा दिला होता, एक!

पोरगी झोपलेली. पुडकी मोजली. एक, दोन, तीन, चार. चारच! सरला खाटेखाली शोधायला लागली. मी उशी उचलली, चादर झटकली... पाचवं बाहुलीच्या मांडीवर होतं. सोपट सोडलेलं, पान उघडलेलं, आत तांबूस चकचकीत सुकेळी, वर मुंग्यांची रांग. मोजली. एक-एक मोजली. सगळी होती, आणि दाताची खूण कुठे नाही. मुंग्यांना कळलं होतं खरं काय ते. मंदा जागी झाली, माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, बाहुलीला मी सांगितलं, वास आला तरी खाऊ नको. खोटंय. आबा म्हणाले."

मी तिथेच खाटेची कड धरून रडलो. आनंदाने की कशाने, मला विचारू नका. डॉक्टर गॅब्रिएल आले, पोट दाबून बघितलं, मऊ. म्हणाले, "काशिनाथराव, तुम्ही पोर वाचवलीत." मी वाचवली! माझ्या गाढवपणातून माझ्या थापेने वाचवली!

ताप उतरला. आणखी आठवडाभर थांबून डॉक्टर म्हणाले, आता द्या, गुरगुट्या भात, एक चमचा. घरात जणू दिवाळी. लूर्डसबाय पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली. मान माझा, मी भरवणार. चमचा पुढे केला. मंदाने ओठांपाशी घेतला, "मच्-मच्-मच्, छान झालंय हो," आणि चमचा माझ्या हातात परत.

म्हटलं, "मंदे, हा खरा भात." गोड हसली. "हो आबा, खराच." आणि पुन्हा मच्-मच्. डॉक्टर म्हणतात, "खाल्लं नाही तर आता अशक्तपणाने जाईल!" मी विनवतोय, ओरडतोय, "खरं-खरं खा गं!" तर ती रडायला लागली, "नाही खाणार, मग तुम्ही मराल!" सांगा आता, काय बोलू? तोंड माझं, शब्द माझे. शेवटी लूर्डसबायने मला खांद्याला धरून बाहेर काढलं, "तुमी जरा भायेर बसा, आबा," आणि चमचा हातात घेऊन खाटेवर बसली. आधी क्रूस केला, मग चमचा भरला... मी दाराच्या फटीतून बघितलं. पोरीने तोंड उघडलं. गिळलं.

आता महिना झाला. खाते हो, चांगली खाते. आईच्या हातचं खाते, बापाच्या हातचं खाते, लूर्डसबाय आली तर दोन घास जास्तच खाते. मी घास पुढे केला की मात्र ओठांपाशी नेते, छान झालंय म्हणते, आणि माझ्या तळहातावर परत ठेवते. रागाने नाही, मायेने, आबा जगावा म्हणून. मग तो घास मी खातो. काय करणार, रमवा म्हणाले होते ना... सगळ्या घरात माझ्या एकट्याच्या हातचं तेवढं खोटं.