गंगावनातला केस

बाहत्तर सालच्या उन्हाळ्यात बनुबाई डोळे दाखवायला नगरच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी कोल्हारच्या सासू-सुना होत्या. सुनेच्या मांडीवर, डोक्याला फडकं बांधलेली लेक झोपली होती. बनुबाईला दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं.

“डाक्टर काय म्हनला, पुन्ना सांग.”

“पोरीचा केस बोटभर वाढला की तुटतोय. भिंगातनं मनी ओवल्यावानी दिसतोय. रक्तातनं आलंय म्हनला. माझा केस घेतला, आता तुमचा मागितलाय.”

“आमच्या घरान्यात असलं न्हाई. तुझ्याच माहेरचं निघंल. गाठोडं आनलंय ना? पारनेरची एस्टी दोनला हाय. तू आन् पोर, दोघी माहेरीच ऱ्हावा.”

“सकाळपास्नं चारदा सांगितलं तुमी.”

“घे माझा केस. चांगला हातभर हाय.”

“आत्याबाई…”

“आता काय?”

“ह्यो काळाभोर हाय. तुमी साठीच्या.”

“मग?”

“ह्यो विकतच्या गंगावनातला हाय. रोज मीच बांधते की तुमच्या डोक्याला. खाली तुमचा केस बी बोटभरच हाय.”

“हळू बोल. बाई ऐकतीया.”

बनुबाईनं डोळे मिटून घेतले. मग आतून पोरीचं नाव पुकारलं.

“आत्याबाई, डाक्टरला केस कुठला देऊ?”

“मीच येते आत. पर डाक्टरला म्हनावं, आधी दार लाव.”

“बरं.”

“तू पोरीला घे. आन् ते गाठोडं दे हिकडं, मी धरते.”