पडलेला पहिला चित्रपट

फिल्मनगरच्या देवळात, रांगेत माझ्यापुढे एक चित्रपट-निर्माता आणि त्याची आजी उभे होते.

"नानम्मा, मुहूर्ताला सात मिनिटं उरलीत. देवाच्या मूर्तीवरच्या पहिल्या शॉटला क्लॅप तूच दे."

"कंपनीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिला चित्रपट ऐंशी सालचा छापलायस. अठ्ठ्याहत्तरचा कुठे गेला?"

"तो पडला होता. पडलेल्यापासून मोजणं अशुभ असतं."

"त्यात नायिका मी होते."

"ठाऊक आहे गं. पाच मिनिटं."

"पडला म्हणून तुझ्या आजोबांनी मला घरी बसवलं आणि कंपनीला माझं नाव दिलं."

"म्हणून तर क्लॅप तुझा. वितरक वाट बघताहेत."

"आधी तो चित्रपट पुस्तकात घाल."

"पुस्तक छापून झालं. तीन मिनिटं, नानम्मा."

"तुम्हाला बाई चालत नाही, तिचं नाव चालतं. मग क्लॅपही नावाकडूनच घे. माझ्या चपला कुठे ठेवल्यास?"