ऐन पडला तिथली पानं

माहं माहेर रामाकोन्याचं, अन् सासर सौसर तहसिलीतलंच, पण पार जंगलाले लागून, चार घरं सोडली का सागवान सुरू होते. बाप दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचे, मीबी तेच शिकली, जंगल मले माईतच नवतं, ते नवऱ्यानं शिकवलं. तसा चांगला होता तेव्हा, खोटं काऊन बोलू.

तर काय सांगू तुमाले, आत एक ऐनाचं झाड होतं, लय जुनं. वादळात पडलं, पडतापडता बाजूची झाडंबी घेऊन पडलं, अन् जिथं भर दुपारी अंधार राहे तिथं एकदम ऊन आलं. पह्यल्या साली नुसतं गवत अन् तरोटा. पण मुळाईत जीव राह्यते ना बाप्पा, सावलीत दबून बसलेली टेंभुर्णी मंग अशी फुटली, कवळे कवळे कोंब, अन् पानं जाड, तळहाताएवढी, एक भोक नाई. सावलीतलं पान पातळ राह्यते, बिडीले चालत नाई. आमी दोघंच जाऊ तिथं तेंदूपत्ता तोडाले, कोणाले सांगू नाई.

पण ऊन काई टेंभुर्णीसाठीच नवतं आलं. रायमुनिया आली, ते काटेरी झुडूप, पाहतापाहता डोक्याच्या वर गेलं, आत काय बसलं हाय दिसेच नाई. अन् पडलेल्या खोडाले उदई लागली, वाळवी म्हणा, ते खाले अस्वल याले लागलं. खोडावर नखाचे ओरखडे मीनं पाह्यले. म्हटलं आता नको जाऊ. तो म्हणे भेते काऊन, मी कुऱ्हाड घेऊन उभा राह्यतो, तू वाकून तोड. सासू म्हणे मंग माहेरी जाऊन बस. गेली मंग त्याच्यासंगं तोडाले.

रायमुनियातूनच निंघालं ते. मी वैशूचे बाबा, वैशूचे बाबा म्हणून हाका मारून राहिली, अन् तो पळून राहिला, कुऱ्हाड हातातच होती त्याच्या. मंग ते तोंडावर आलं, एक डोळा गेला, नाक गेलं. पलीकडं पत्ता तोडणाऱ्या बाया माह्या हाका आयकून आल्या, त्याईनं आरडाओरडा करून हाकललं, त्याईनंच उचलून आणलं मले.

नागपूरच्या दवाखान्यातून घरी आली तं वैशू, माही पोट्टी, पाहून किंचाळली. लहान होती. तो गावाले सांगे, मी नाई म्हणत होतो, हेच आयकत नवती. जेवाले बसे तं माह्याकडे पाठ करून. एक दिवस म्हणे लेकरू भेते, चार दिवस भावाकडे जाऊन ये. घ्याले आलाच नाई, दुसरी केली. मी पोट्टी मागाले गेली तं तो म्हणे, तिलेच विचार. वैशू दारामागं लपली.

आता भावाकडेच हाव, संत्र्याच्या बागेत तोडाईले जातो, तोंडाले दुपट्टा बांधून. मांगं बाजारात दिसली वैशू, नव्या आईसंगं. ती बाईच म्हणे, पाह्य वैशू, तुही आई हाय ते. पोट्टी म्हणे माही आई तू हायेस, चाल. अन् गेली.

बाई वाईट नाई ते. पोट्टीच्या केसाले तेल होतं, वेणी चांगली घातली होती. शिको म्हणा, मोठी होवो, अन् जंगलाकडच्या गावात देऊ नोका तिले.